पामतेल गिरणीचे सांडपाणी व विद्युत्-शोधन

आपल्या देशात आयात होणाऱ्या खाद्यतेलांत पामतेलाचा वाटा मोठा असून ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येते. व्यापारी त्याचा भाव, प्रत व आम्लता बारकाईने पाहतो. परंतु एक टन कच्च्या तेलामागे गिरणीतून सुमारे अडीच ते साडेतीन टन सांडपाणी बाहेर पडते, हे सहसा त्याच्या ध्यानी येत नाही.

तेलताडाचे घड वाफेवर शिजविताना, तेलातील गाळ काढताना व बियांची कवचे निराळी करताना हे पाणी निघते. त्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असते; उरलेला भाग तेल, गर इत्यादींचा. ते विषारी नसले, तरी त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना नदीतील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. ताज्या सांडपाण्याची ही प्राणवायूची मागणी लिटरला सुमारे २५,००० मिलिग्रॅम भरते. मलेशियाने १९७८ साली तिची मर्यादा ५,००० ठरविली आणि १९८४ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने १०० वर आणली.

गिरण्यांची रूढ पद्धती तळ्यांची. तेथे जीवाणू घाण पचवितात. खर्च थोडा, पण जागा व वेळ फार. उघड्या तळ्यांतून मिथेन वायू हवेत जातो, आणि पाण्याचा तपकिरी रंग बराचसा तसाच राहतो. येथे विजेचा उपयोग संभवतो.

गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की ते निवळते, हे घरोघरी ठाऊक आहे. विद्युत्-साकळणाचे तत्त्व तेच. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून प्रवाह सोडला की धनाग्र झिजते, पाण्यात त्या धातूचे हायड्रॉक्साइड तयार होते आणि सूक्ष्म कण त्याला चिकटून एकत्र येतात. ऋणाग्रावर निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे पुष्कळसा मळ वर आणतात. याचा हिशेबही मांडता येतो : १०० अँपिअर प्रवाह १० तास चालला, तर तत्त्वतः ३३६ ग्रॅम ॲल्युमिनियम खर्ची पडते. वीज व गाळाची विल्हेवाट यांचा खर्च निराळा.

दुसरी रीत विद्युत्-ऑक्सिडीकरणाची. हिच्यात विशेष लेप दिलेल्या टायटॅनियमसारख्या न झिजणाऱ्या पत्र्यांवर द्रव्यांचे विघटनच होते. मात्र पाण्यात क्लोराइड असल्यास क्लोरिनयुक्त अपायकारक संयुगे निर्माण होण्याचा संभव असतो; म्हणून रंग गेला एवढ्यावरून पाणी शुद्ध झाले असे मानू नये.

तेव्हा ताज्या सांडपाण्याचा सर्व भार विजेवर टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. प्रथम तरंगते तेल काढावे, नंतर बंद टाकीत जीवाणूंकडून जळाऊ वायू मिळवावा, आणि शेष रंग व मळ यांपुरतीच वीज वापरावी, हा क्रम किफायतशीर ठरतो. साकळणाने मळ नष्ट होत नाही. तो पाण्यातून गाळात जातो. यास्तव कोणी शोधनयंत्राची प्रशंसा करू लागल्यास सुज्ञ व्यापाऱ्याने दोन प्रश्न अवश्य विचारावे : दर टन पाण्यास वीज व धातू किती लागतो, आणि गाळ कोठे जातो? ज्या जमाखर्चात ही दोन कलमे नाहीत, तो अपुराच समजावा.