शाळा सुटल्यानंतरची जागा

पन्हाळा तालुक्यातील कोणत्याही गावी दिवेलागणीच्या सुमारास फेरी मारली असता तेथील वाढती मुले कोठे बसतात हे सहज ध्यानात येते. कोणी देवळाच्या कट्ट्यावर, कोणी एस. टी.च्या थांब्यावर, तर कोणी पानपट्टीच्या बाकावर. हातात बहुधा मोबाईल असतो. ही मुले वाया गेली आहेत असा निष्कर्ष त्यावरून काढणे ही घाई होय. घरी वडीलधाऱ्यांचा धाक, शाळेत गुरुजींचा. ह्या दोहोंच्या मधली, समवयस्कांची अशी एखादी जागा ह्या वयाला लागतेच. ती कोणी राखून ठेवली नाही, तर मुले मिळेल ती जागा धरतात.

कोल्हापूर भागाला ही गरज नवी नाही. तालीम हे तिचे जुने उत्तर आहे. शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे झाले, हे शिक्षकांना ठाऊकच आहे. परंतु तालमीकडे केवळ कुस्तीची जागा म्हणून पाहिल्यास तिचे मर्म सुटते. हौद्यातील तांबडी माती खोऱ्याने उकरणे, तीत ताक, तेल, हळद व लिंबू मिसळणे, जागा झाडून काढणे ही कामे पोरेच करतात. थोरला धाकट्याला डाव सांगतो. वस्ताद कडेला उभा राहून चूक दाखवितो. तेथे परीक्षा नसते, नापासही कोणी होत नाही. तरीही शिस्तीत तालीम शाळेला हार जात नाही, कारण ती जागा आपली आहे असे पोरांना वाटते. कोल्हापूर शहरातील पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही तालमींचीच नावे. आज ती फुटबॉलचे संघ म्हणून गाजतात. खेळ बदलला, जागा टिकली.

पन्हाळा तालुक्यातच वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी कार्यातून तेथे मुलांचा बालवाद्यवृंद उभा राहिला व शेकडो मुले एकत्र वाद्ये वाजवू लागली. अर्थात त्यामागे मोठ्या संस्थेचे बळ होते. लहान वाडीला ते झेपणार नाही.

ह्या सर्व विवेचनात मुली कोठे आहेत, असा प्रश्न एखाद्या शिक्षिकेने केल्यास तो रास्त ठरेल. तालीम, पार, चावडी ह्या पिढ्यान् पिढ्या पुरुषांच्या जागा. अलीकडे वडणग्याच्या रेश्मा माने यांच्यासारख्या मुलींनी कुस्तीत नाव मिळविले, तरी सर्वसाधारण मुलीला तालमीचा उंबरठा अद्याप परकाच आहे. तिची भेटण्याची जागा पाणवठा ही होती. घागर भरेपर्यंतचा वेळ तिचा स्वतःचा असे. नळ दारी आला आणि मोठा कष्ट वाचला. तो पुन्हा कोणी मागणार नाही. परंतु घागरीबरोबर मैत्रिणींची भेटही गेली, ह्याची नोंद कोणी घेतली नाही. नागपंचमीपासून गौरीपर्यंत झिम्मा-फुगडीच्या निमित्ताने मुली एकत्र येतात. गौरी विसर्जित झाल्या की तेही संपते. मग वर्षभर शाळा ते घर हा एकच रस्ता उरतो, आणि शाळा सुटली की तोही बंद होतो.

म्हणून शिक्षकांनी शाळेच्या इमारतीचा विचार ह्या दृष्टीने करावा. गावातील कोरडे, उजेडाचे व सर्वांच्या विश्वासाचे छप्पर बहुधा तेच असते. पन्हाळ्याच्या पावसात पार आणि मैदान कित्येक आठवडे निरुपयोगी होतात, तेव्हा तर दुसरा आसराच नसतो. आठवड्यातून दोन सायंकाळी एक खोली उघडी ठेवावी. कॅरम, वाचनपेटी, लेझीम, जे असेल ते बाहेर काढावे, आणि मुख्य म्हणजे तेथे शिकवू नये. शिकविण्याचा मोह आवरणे शिक्षकाला कठीण जाते, हे खरे. पण तास सुरू झाला की मुले पुन्हा कट्ट्यावर जातील.

नुकसानीची भीती खोटी नाही. बाक मोडला तर जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्यावा, आणि सामानाची यादी मुलांकडूनच लिहवून घ्यावी. किल्ली सातवी-आठवी होऊन गेलेल्या दोघांच्या हाती द्यावी, त्यांत एक मुलगी असावी. अंगणवाडीच्या ताईंनी किंवा गावातील एखाद्या जाणत्या बाईने मुलींच्या सायंकाळी तेथे थांबण्याचे मान्य केल्यास घरची माणसे निर्धास्त राहतात.

पहिल्या आठवड्यात मुली आल्या नाहीत, तर त्यांना आवड नाही असे समजू नये. वेळ बदलून पाहावी. सायंकाळची वेळ धार काढण्याची व डेअरीला दूध घालण्याची असते, आणि पुष्कळ घरांत किटली मुलीच्याच हातात असते.