आधी टेबल कुठं मांडायचं ते बघ

बाळ, बेंगळूरच्या कंपनीनं टिळकवाडीतल्या घरातूनच काम करायला दिलं, बरं झालं. पण टेबल रस्त्याकडच्या खोलीत मांडू नकोस. रेल्वे गेट पडलं की हॉर्न सुरू होतात. तुझ्या काकूला त्या गोंगाटात उलट कामाचा चेव चढतो. तुझा धागा एका आवाजानं तुटतो. मागची खोली घे.

कंपनीनं चाचणी घेऊन स्वभावाला चार अक्षरांचा शिक्का मारलाय, तो मनावर घेऊ नकोस. मानसशास्त्रज्ञ युंगच्या 1921 च्या पुस्तकावरून ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी ती चाचणी बेतली. पुन्हा भरलीस तर एखादं अक्षर बदललेलंही निघेल. त्यापेक्षा परका कोड हातात आल्यावर आपण काय करतो ते बघ. तू एकच फंक्शन धरून तळापर्यंत जातोस. काही जण आधी सगळ्या फाइलींवरून नजर फिरवतात, मग उतरतात. काटेकोर माणसाचा ओढा बहुधा तुझ्या वाटेकडं, नव्याची हौस असलेल्याचा दुसरीकडं. हलकं-भारी काही नाही त्यात. मात्र जुन्या, अवाढव्य सिस्टिमवर टाकलं, तर दुसऱ्या तऱ्हेचा जोडीदार मागून घे.

प्रोग्रामर केंट बेकच्या 1999 च्या पुस्तकानंतर दोघांनी एका कीबोर्डवर बसायची टूम बोकाळली. बोलक्यांना ती मानवते. तुझ्यासारखा अबोल माणूस दीड तासात थकतो. सकाळी जोडीनं, जेवल्यावर एकट्यानं, असं मॅनेजरला सांग. मोडक्या कन्नडात सांगितलंस तरी चालेल, पण सांग की!

खरं जपायचं ते कोडच्या रिव्ह्यूच्या वेळी. जेराल्ड वाइनबर्गनं 1971 साली प्रोग्रामरांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात बिल नावाचा एक प्रोग्रामर आहे. आज आपलं डोकं चालत नाही हे ओळखून त्यानं कोड एका सहकारी बाईला तपासायला दिला. निघाल्या किती? 13 विधानांत 17 चुका! गडी चिडला नाही; हसत हसत सगळ्यांना सांगत सुटला. असा स्वभाव जन्मतः मिळतोच असं नाही, तो कमावताही येतो. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्ससारखा तिखट माणूससुद्धा 2018 मध्ये आपल्या उर्मट ईमेलींबद्दल माफी मागून काही काळ बाजूला झाला होता.

तू मनाला लावून घेणारा. म्हणून रिव्ह्यू आल्या आल्या उत्तर टाइप करू नकोस. आरपीडी क्रॉसपर्यंत चालून ये, चहा घे, मग बस. दुसऱ्याचा कोड तपासताना ‘तू चुकलास’ असं न लिहिता कुठली ओळ, कुठल्या इनपुटला फुटते, तेवढंच लिही. समोरचा नवखा असला तर लिहूही नकोस, फोन कर.