संकेतस्थळाचा वेग : कांहीं रूढ गैरसमज

पूर्वीं शाळेची सूचना फळ्यावर लागत असे, व ज्याला ती हवी असेल त्याला फळ्यापर्यंत चालत यावें लागे. आज बहुतेक संस्थांच्या सूचना, प्रवेशाचे अर्ज आणि परीक्षांचे निकाल संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. आतां विद्यार्थी घरीं असतो व फळाच त्याच्याकडे चालत येतो, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु हा फळा सर्वांकडे सारख्याच वेगानें येत नाहीं. शहरांत उत्तम संगणकापुढें बसलेल्या मनुष्यास जें पान क्षणांत दिसतें, तेंच पान डोंगराआडच्या गांवीं, स्वस्त मोबाइलवर, एकच रेघ दाखविणाऱ्या नेटवर्कवर उघडण्यास मिनिट मिनिट घेतें. अर्जाची मुदत संपण्यास दहाच मिनिटें उरलीं असतील, तर त्या एका मिनिटाचें मोल काय होतें हें सांगावयास नको. शिवाय अशा मनुष्याजवळचा डेटा मोजका असतो. जड पान उघडणें म्हणजे त्याच्या खिशांतील पैसा खर्च करणें होय.

आपलें संकेतस्थळ जलद असावें अशी इच्छा प्रत्येक संस्थेस असते व त्यासाठीं पैसाहि खर्च केला जातो. परंतु पुष्कळदां तो खर्च ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ या प्रकारचा ठरतो. आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी आतां स्वतः संकेतस्थळें तयार करूं लागले आहेत. त्यांच्या उपयोगासाठीं या विषयांतील कांहीं रूढ गैरसमज येथें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पान उघडतें कसें हें पाहूं. ब्राउझरमध्यें नांव लिहिलें म्हणजे त्या नांवाचा अंकी पत्ता शोधला जातो. नंतर ब्राउझर व सर्व्हर यांचा संबंध जुळतो, आणि त्या संबंधास गुप्ततेचें कुलूप लागतें. मग ब्राउझर पान मागतो व सर्व्हर तें तयार करून पाठवितो. परंतु आलेल्या पानांत चित्रें, फाँट व जावास्क्रिप्टच्या फाइली यांचीं केवळ नांवेंच असतात. त्या वस्तु ब्राउझरला पुन्हां मागवाव्या लागतात. सर्व सामान आल्यावर त्याची मांडणी करण्याचें काम मोबाइलच्या प्रोसेसरला करावें लागतें. विलंब यांपैकीं कोणत्याहि पायरीवर होऊं शकतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली, तर पुढील गैरसमजांचें मूळ आपोआप कळून येईल.

पहिला समज असा कीं, इंटरनेटची जोडणी जितकी मोठी, तितकें पान लवकर उघडतें. यांत सत्यांश आहे. चित्रपट उतरवून घ्यावयाचा असेल तर मोठ्या जोडणीचा लाभ उघड आहे. परंतु पान म्हणजे एक मोठा लोट नसून लहान लहान मागण्यांची मालिका असते, आणि प्रत्येक मागणीस जाण्यायेण्याचा वेळ लागतो. पाट रुंद केला म्हणून विहीर शेताजवळ येत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर वेगानें जातो. मुंबईहून न्यू यॉर्क सरळ अंतरानें सुमारें १२,५०० किलोमीटर दूर आहे; म्हणजे जाऊन येण्यास २५,००० किलोमीटर, आणि त्यासाठीं सेकंदाचा निदान आठवा हिस्सा हवाच. संबंध जुळण्यास एक फेरी, २०१८ सालीं ठरलेल्या सुधारित पद्धतीनें कुलूप लागण्यास दुसरी, आणि मागणी व उत्तर यांस तिसरी. अशा रीतीनें न्यू यॉर्कच्या सर्व्हरवरून पानाचें पहिलें अक्षर येण्यापूर्वींच सेकंदाचे तीन अष्टमांश संपतात. शिवाय सर्व्हर आपला सर्व माल एकदम पाठवीत नाहीं. बहुधा तो प्रथम सुमारें १४,६०० बाइट पाठवितो. ते पोंचल्याची पावती आली म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि मग चौपट. या हिशेबानें १ लक्ष बाइट येण्यास तीन फेऱ्या लागतात, मग जोडणी कितीहि मोठी असो. सबब दूरच्या वाचकासाठीं खरे उपाय दोन आहेत : पानाची प्रत त्याच्या जवळच्या शहरांतील सर्व्हरवर ठेवणें, आणि फेऱ्यांची संख्या कमी करणें.

दुसरा समज असा कीं, संकेतस्थळ मंद असेल तर अधिक सामर्थ्याचा सर्व्हर घ्यावा. सर्व्हरला पान तयार करण्यासच तीन-चार सेकंद लागत असतील, तर हा उपाय योग्य आहे. परंतु बहुतेक ठिकाणीं रोग तेथें नसतो. स्टीव्ह सूडर्स यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत असें दाखविलें कीं, वाचकाला जो वेळ थांबावें लागतें त्यापैकीं शेंकडा ८० ते ९० भाग पानाचा मूळ मजकूर आल्यानंतरच्या कामांत जातो. हें प्रमाण प्रत्येक संकेतस्थळास तंतोतंत लागू पडेल असें नाहीं. तथापि त्यांतील बोध आजहि खरा आहे. पंगतींत वाढपी अपुरे पडत असतां स्वयंपाकघरांत आचारी वाढविले, तर पानावर बसलेल्यांची भूक लवकर भागत नाहीं.

तिसरा समज चित्रांविषयींचा आहे. पडद्यावर चित्र लहान दिसतें, म्हणून तें हलकें असणार असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः पानावर चित्र लहान दाखविण्याची आज्ञा दिली, तरी फाइल मूळच्या आकाराचीच येते. मोबाइलनें काढलेलें ४,००० रुंद व ३,००० उंच पिक्सेलांचें छायाचित्र घ्या. त्यांत १ कोटि २० लक्ष पिक्सेल असतात. तें ४०० बाय ३०० इतक्या जागेंत दाखविलें, तर लागणारे पिक्सेल केवळ १ लक्ष २० हजार, म्हणजे शंभरावा हिस्सा. अलीकडच्या दाट पडद्यांसाठीं दोन्ही बाजूंनीं दुप्पट धरले, तरी पंचविसावा हिस्सा पुरतो. उरलेले चोवीस हिस्से वाचकाच्या डेट्यांतून व्यर्थ जातात. चित्र ७२ डीपीआय करून ठेविलें म्हणजे तें हलकें होतें, हाहि असाच एक भ्रम आहे. तो आंकडा कागदावर छापण्याच्या कामाचा आहे. पिक्सेल तितकेच राहिले तर पडद्यावर त्यानें कांहींच फरक पडत नाहीं. तसेंच, चित्रें गरज पडेल तेव्हांच मागविण्याची जी सोय आहे ती पानाच्या खालच्या भागांतील चित्रांसाठीं उत्तम आहे. परंतु अगदीं वरच्या मुख्य चित्रासहि ती लावल्यास तेंच चित्र उशिरा येतें.

चौथा समज असा कीं, एकदां शिकलेला उपाय सदासर्वकाळ चालतो. एके काळीं ब्राउझर एका ठिकाणाशीं साधारणतः सहाच संबंध एका वेळीं ठेवीत असे, व प्रत्येक संबंधावरून एका वेळीं एकच वस्तु येत असे. त्यामुळें सर्व फाइली जोडून एक मोठी फाइल करणें, किंवा चित्रें निरनिराळ्या नांवांच्या ठिकाणीं वांटून ठेवणें हे उपाय प्रचारांत आले, आणि ते त्या वेळीं योग्यच होते. २०१५ सालीं एचटीटीपीची दुसरी आवृत्ति प्रमाण ठरली. तिच्यांत एकाच संबंधावरून अनेक वस्तु एकाच वेळीं येऊं शकतात. आतां निरनिराळीं ठिकाणें केल्यास प्रत्येकाशीं संबंध जोडण्याचा नवा खर्च मात्र पदरीं पडतो. त्याचप्रमाणें जावास्क्रिप्टचें एखादें लोकप्रिय भांडार सर्वांच्या समाईक ठिकाणाहून घेतलें, तर तें वाचकाच्या ब्राउझरांत आधींच सांठविलेलें असेल, असें अजूनहि सांगितलें जातें. परंतु क्रोमनें २०२० सालीं व फायरफॉक्सनें २०२१ सालीं हा सांठा प्रत्येक संकेतस्थळासाठीं वेगळा केला. सफारीनें तर तें पूर्वींच केलें होतें. एका संकेतस्थळाच्या नांवें सांठविलेली फाइल दुसऱ्याच्या कामास येत नाहीं. म्हणून उपाय शिकतांना तो कोणत्या अडचणीसाठीं निघाला हेंहि शिकावें. अडचण दूर झाल्यावर उपायच अडचण होऊन बसतो.

पांचवा समज असा कीं, बाइट तितके सर्व सारखे. १ लक्ष बाइटांचें चित्र व १ लक्ष बाइटांची जावास्क्रिप्ट वाटेंत सारखाच वेळ घेतील. परंतु घरीं आल्यावर त्यांत मोठें अंतर पडतें. चित्र उलगडून पडद्यावर ठेवलें कीं काम संपलें. जावास्क्रिप्ट मात्र वाचावी लागते, यंत्राच्या भाषेंत आणावी लागते व चालवावी लागते. आणि ती चालूं असतां पान बहुधा बोटाच्या स्पर्शास उत्तर देत नाहीं. महाग मोबाइलवर हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. स्वस्त मोबाइलवर त्याच कामास कितीतरी पट वेळ लागतो, आणि ‘अर्ज पाठवा’ हें बटण दिसत असूनहि दाबलें जात नाहीं. मग विद्यार्थी तें पुन्हां पुन्हां दाबतो व शेवटीं दोष आपल्याच हाताला देतो. म्हणून सरकत्या चित्रांची माळ, भेट देणाऱ्यांची मोजदाद करणारीं तीन तीन यंत्रें, उडत येणाऱ्या शुभेच्छा अशा वस्तु ठेवण्यापूर्वीं त्यांची खरीच गरज आहे काय, असें विचारलें पाहिजे. जी फाइल पाठविलीच नाहीं तिच्याहून जलद दुसरी कोणतीहि फाइल नाहीं.

सहावा समज आम्हां मराठी मंडळींचा खास आहे. देवनागरी मजकूर जड पडतो, तेव्हां सूचनेचें छायाचित्र काढून तेंच लावावें, असें कित्येक कार्यालयांत समजतात. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो व प्रचलित यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात, हें खरें आहे. तरीहि १०,००० चिन्हांच्या दीर्घ निबंधाचे बाइट फार तर ३०,००० होतात, आणि सर्व्हरनें ते दाबून पाठविले म्हणजे पुष्कळच कमी होतात. उलट कागदाचें छायाचित्र सहज २०-३० लक्ष बाइटांचें असतें. त्यांतील शब्द शोधतां येत नाहींत, मोठे केले असतां पुसट होतात, आणि अंध विद्यार्थ्यास मजकूर वाचून दाखविणारें यंत्र त्यांपुढें मुकें होतें. फाँटची गोष्ट थोडी निराळी आहे. जोडाक्षरांमुळें देवनागरी फाँट बराच मोठा असतो, आणि त्याच्या ठळक, बारीक, तिरप्या अशा चार-पांच फाइली मागविल्या तर विलंब होणारच. परंतु आजच्या बहुतेक मोबाइलांत देवनागरी फाँट मूळचाच असतो. तो वापरावा; किंवा आपला फाँट येईपर्यंत मजकूर त्या मूळच्या फाँटांत दिसेल अशी योजना करावी.

सातवा व शेवटचा समज परीक्षेच्या गुणांसारखा आहे. संकेतस्थळाची परीक्षा घेऊन शंभरांपैकीं गुण देणारीं साधनें विनामूल्य मिळतात. तीं उपयुक्त आहेत. परंतु शंभर गुण मिळाले म्हणजे पान सर्वांना जलद दिसतें असें नव्हे. तें साधन एका कल्पित मोबाइलवर व एका कल्पित नेटवर्कवर पान उघडून पाहतें. खऱ्या वाचकांचे मोबाइल व नेटवर्क हजार प्रकारचे असतात. म्हणूनच गूगलनें २०२० सालीं पुढें मांडलेलीं मापें प्रत्यक्ष भेटींवर बसविलेलीं आहेत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आंत दिसावा, आणि २०२४ सालीं बदललेल्या नियमाप्रमाणें स्पर्शाचें उत्तर सेकंदाच्या पांचव्या हिश्शांत मिळावें. तेंहि सरासरीनें नव्हे, तर शंभरांपैकीं निदान पंचाहत्तर भेटींत. सरासरी फसवी असते. वर्गांतील दोन हुशार मुलांच्या गुणांनीं सरासरी वाढते, पण त्यामुळें मागच्या बांकावरील मुलगा उत्तीर्ण होत नाहीं.

या सर्व गैरसमजांत एकच दोष आहे : नाडी न पाहतां औषध देणें. यावर उपाय साधा आहे व त्यास पैसा लागत नाहीं. संगणकावरील बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबली असतां एक खिडकी उघडते. तिच्यांतील नेटवर्क या भागांत प्रत्येक वस्तु केव्हां मागितली, केव्हां आली व किती बाइटांची होती हें आडव्या पट्ट्यांनीं दाखविलेलें असतें. मुद्दाम मंद नेटवर्कची नक्कल करण्याचीहि तेथें सोय असते. सर्वांत लांब पट्टी कोणती हें प्रथम पाहावें, ती कां लांब आहे हें शोधावें, मग एकच बदल करून पुन्हां मोजावें. एका वेळीं पांच बदल केले, तर गुण कशाचा व अपाय कशाचा हें कळत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांच्या हातून पुढें शाळांचीं, ग्रामपंचायतींचीं व रुग्णालयांचीं संकेतस्थळें तयार होतील, त्यांना शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. आपलें पान तयार झालें म्हणजे तें आपल्या चांगल्या संगणकावर पाहून समाधान मानूं नका. घरांतील सर्वांत जुना मोबाइल मागून घ्या, जेथें रेघ एकच दिसते अशा ठिकाणीं जा, आणि तेथें अर्जाचें पान उघडून तो अखेरपर्यंत भरून पाहा. त्या मोबाइलवर जें पान वेळेवर उघडतें, तें इतरत्र कोठेंहि अडणार नाहीं.