उशी का काढली?

सकाळची वेळ होती. चुलीवर पाणी तापत होते. सूनबाई फुंकणीने जाळ फुलवत होती. अंगावर नायलॉनची साडी होती. पदर खांद्यावरून खाली लोंबत होता. त्याने पेट कधी घेतला, हे तिला कळलेच नाही. एकदम भडका उठला. ती ओरडत अंगणात पळाली.

पळताना वारा लागतो. वाऱ्याने जाळ वाढतो. आजीने सुनेला धरून जमिनीवर आडवे केले. वर घोंगडी टाकून दाबली. जाळ विझला. मग तिने घोंगडी लगेच बाजूला काढली.

शेजारीपाजारी धावत आले. कोणी म्हणाले, "शेण लिंपा." कोणी म्हणाले, "तूप लावा." कोणी शाईची बाटली आणली. नातू म्हणाला, "आजी, काही लावू नका. नुसतं गार पाणी ओता. शाळेत सांगितलंय आम्हाला."

नातवाचे म्हणणे बरोबर होते. जाळ विझला तरी कातडीच्या आतली धग विझत नाही. तवा चुलीवरून उतरवला, तरी त्याच्यावर हात ठेवता येतो का? तसेच हे आहे. आतली धग कातडीला भाजतच राहते. पाण्याने ती धग निघते. म्हणून भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहावे. भाजल्यापासून ३ तासांच्या आत पाणी ओतले, तरी उपयोग होतो. बर्फ मात्र लावू नये. बर्फाने कातडीला आणखी इजा होते. तूप, शेण, हळद, शाई, दात घासायची पेस्ट, यांतले काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते, आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही.

पाणी ओतता ओतताच आजीने सुनेच्या बांगड्या आणि अंगठी काढली. भाजलेला हात थोड्या वेळात सुजतो. मग बांगडी आत रुतते. सैल कपडे काढले. अंगाला चिकटलेला कपडा ओढला नाही. फोड फोडले नाहीत. जखमेवर धुतलेले सुती धोतर हलके पांघरले. अंग गारठू नये म्हणून वरून चादर घातली. तोवर नातवाने १०८ नंबरला फोन लावला होता. गाडी आली. या गाडीला पैसे पडत नाहीत.

दवाखान्यात

सूनबाईचा गळा, छाती आणि उजवा हात भाजला होता. डॉक्टरांनी मोजले. रोग्याच्या बोटांसकट एका तळहाताएवढी जागा म्हणजे अंगाचा शंभरावा भाग. असे साधारण २० तळहात भरले. म्हणजे शेकडा २० भाग भाजला होता.

लगेच सलाईन लावले. आजी म्हणाली, "बाई, कातडी भाजली. मग शिरेतून पाणी कशाला?"

नर्सबाई म्हणाल्या, "आजी, मडक्याला तडा गेला तर पाणी झिरपतं ना? तसं अंगातलं पाणी भाजल्या जागेतून झिरपतं. रक्तातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडं बंद पडतात. जीवही जातो."

सूनबाईचे वजन ५० किलो. डॉक्टरांनी हिशेब केला. वजनाला भाजलेल्या भागाने गुणले. त्याला ४ ने गुणले. ५० गुणिले २० गुणिले ४, म्हणजे ४००० मिलिलिटर. ४ लिटर पाणी पहिल्या दिवसात द्यायचे. त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे ८ तास दवाखान्यात आल्यापासून मोजत नाहीत. भाजल्या घटकेपासून मोजतात. घरी जेवढा उशीर होतो, तेवढे हे तास वाया जातात. पोलिसांत नोंद होईल या भीतीनेही कोणी थांबू नये. नोंद होऊ द्यावी, पण माणूस वाचवावा.

नर्सबाई दर तासाला लघवी मोजत होत्या. तासाला निदान २५ ते ३० मिलिलिटर झाली पाहिजे. त्यावरून पाणी पुरते की नाही ते कळते. सुनेचा आवाज घोगरा होतो का, श्वास लागतो का, याकडेही त्यांचे लक्ष होते. जाळ तोंडाजवळ असला, तर घसा आतून सुजू शकतो.

दुसरी काळजी जंतूंची. कातडी ही घराच्या भिंतीसारखी आहे. भिंत पडली की चोर आत शिरतो. म्हणून नर्सबाई दर वेळी साबणाने हात धुवत. पट्टी बदलण्याआधी वेदना कमी होण्याचे औषध देत. हाताचे प्रत्येक बोट वेगळे बांधत. एकत्र बांधली तर बोटे एकमेकांना चिकटतात. भेटायला माणसांची गर्दी होऊ देत नसत.

उशीची गोष्ट

तिसऱ्या दिवशी सूनबाई कण्हत होती. मान ताठ ठेवून दुखत होते. आजीला राहवले नाही. तिने घरून मऊ उशी आणली आणि सुनेच्या डोक्याखाली ठेवली. सुनेने हनुवटी छातीकडे झुकवली. तिला बरे वाटले. ती झोपली.

नर्सबाई आल्या. त्यांनी उशी काढून घेतली. सुनेच्या खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. तिची मान मागे ताणली गेली. ती रडू लागली.

आजीला राग आला. "बाई, तुम्हाला लेकीबाळी नाहीत का? पोरीला जरा आराम पडला होता!"

नर्सबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "आजी, ओलं चामडं जसं ठेवाल तसं वाळतं ना? जखम भरते तेव्हा नवी कातडी आखडते. मान वाकलेली राहिली, तर हनुवटी छातीला ओढली जाईल. मग तिला वर बघता यायचं नाही. तोंड नीट मिटता यायचं नाही. पुन्हा चिरफाड करावी लागेल. आज आराम वाटतो, त्याच बाजूला अंग आखडतं."

आजी गप्प झाली. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "मग हाताचं काय?"

"हात अंगाला चिकटून ठेवायचा नाही. बाजूला लांब करून ठेवायचा. काखेत कातडी आखडली, तर हात वर जात नाही. बोटं वाकू नयेत म्हणून पंजाला फळी बांधली आहे. ती सोडायची नाही. आम्ही सांगू तेव्हा तिला हात हलवायला लावा. ती रडेल. तुम्ही धीर द्या."

त्या दिवसापासून आजीने उशी गाठोड्यात बांधून ठेवली. दिवसातून पाच-सहा वेळा ती सुनेचा हात वर करून घेई. "आणखी थोडं पोरी, आणखी थोडं," असे म्हणे. आणि तोंड वळवून डोळे पुसे.

जखम भरायला अंगाला ताकद लागते. म्हणून घरून अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे यायचे. पथ्य म्हणून अंडी, डाळ बंद करू नये. जिथे जखम खोल होती, तिथे डॉक्टरांनी मांडीची पातळ कातडी काढून लावली.

घरी आल्यावर

जखम भरली म्हणजे काम संपले, असे नाही. नवी कातडी वर्ष-दोन वर्षे आखडत राहू शकते. सूनबाई रोज मान मागे करी, हात वर करी. व्रण भरल्यावर आजी खोबरेल तेलाने तो चोळी. दवाखान्यातून मिळालेला घट्ट कपडा ती आंघोळीपुरताच काढी. खाज सुटली तरी नखे लावत नसे. उन्हात जाताना व्रण झाकी.

वर्ष झाले. एक दिवस आजी फडताळातला डबा काढायला उठली. सूनबाई म्हणाली, "थांबा आत्याबाई, मी काढते." तिने मान वर केली. उजवा हात वर नेला आणि डबा खाली घेतला.

आजी बघतच राहिली.

लक्षात ठेवा

१. पेटलेल्या माणसाला पळू देऊ नका. आडवे करा, घोंगडीने जाळ विझवा.
२. २० मिनिटे गार पाणी ओता. दुसरे काही लावू नका.
३. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. फोड फोडू नका.
४. धुतलेल्या सुती कपड्याने झाका. लगेच दवाखान्यात न्या.
५. गळा भाजला असेल तर डोक्याखाली उशी देऊ नका. सांधे सरळ ठेवा.

उत्तरे द्या

१. आजीने घोंगडी का टाकली?
२. पहिल्या ८ तासांची मोजणी कधीपासून करतात?
३. नर्सबाईंनी उशी का काढली?
४. तुमच्या गावात भाजल्यावर काय लावतात? ते बरोबर आहे का?