लाल आकड्याचा घोळ

घरात माणसं दोन, बिल दोन महिन्यांचं आणि पाण्याचा वापर ३,७२५ युनिट! पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरातल्या निवृत्त गृहस्थांना हे बिल आलं. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. म्हणजे रोज दहा हजारी सहा टँकर रिकामे करणारं हे जोडपं.

पाणीपट्टीच्या कार्यालयात खिडकीमागच्या बाबूने मान वर न करता निकाल दिला, “गळती असणार काका. प्लंबर बोलवा. आणि आधी बिल भरा, मग अर्ज द्या.” प्लंबर आला, सगळे नळ ठीक आहेत म्हणाला, पैसे घेऊन गेला.

मग काकांनी मीटरचं झाकण उघडून काच पुसली. काळे आकडे ००४१३, त्यांना चिकटून एक लाल आकडा. बिलावर मागचं रीडिंग ३९८ आणि चालू ४१२३! आठवड्यापूर्वी ४१२३ दाखवणारा मीटर आज ४१३ वर कसा? रीडिंगवाल्याने ४१२ पुढचा लाल ३ सरळ काळ्यांना जोडला होता. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल त्याच्या अंशाचे. बिल फक्त काळ्यांवर काढायचं असतं. खरा वापर १४ युनिट, म्हणजे माणशी रोज सव्वाशे लिटरच्या आत. शहरांसाठीचा सरकारी निकषच १३५ लिटरचा आहे.

शिवाय त्या भागात पाणी येतं दोन तास. घरगुती अर्धा इंची मीटरमधून तासाला फार तर तीन हजार लिटर जातं. रोजचे साठ हजार कुठून आले, एवढा गुणाकार कार्यालयात कुणाला सुचला नाही, की करायचाच नव्हता?

आता काका भेटेल त्याला बजावतात. रीडिंगवाला आला की शेजारी उभं राहा. आकडे आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसतील असा फोटो तेव्हाच काढा. नंबर बिलाशी ताडून पाहा.

गळतीची शंका असेल तर पाणी चालू असतानाच घरातले नळ आणि टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून तबकडीवरची चिमुकली चकती पाहा. तरी फिरत असेल तर मीटरपुढच्या पाइपात गळती आहे. टाकीनंतरची गळती यात कळत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात तो भांड्यात उतरला, तर पाणी तिथूनच चाललंय. पाणी सुटताना नळातून फुसफुसणारी हवाही मीटर फिरवते, हे वेगळंच. बाकी नळ नीट बंद करा, पाणी जपून वापरा वगैरे आहेच.

फोटो जोडून लेखी अर्ज दिल्यावर बिल दुरुस्त झालं. प्लंबरचे पैसे गेले ते गेलेच, दिलगिरीचा शब्दही नाही. अर्ज द्याल तेव्हा शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाहीतर पुढच्या खेपेला “तुमचा अर्ज आलाच नाही” हे ऐकायची तयारी ठेवा.