भूकंप कोठे झाला, हे कसे कळते?

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरले. उत्पात भूमीच्या पोटात; मग नकाशावर त्याचे स्थान कसे दाखवितात?

भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी पोहोचतात, दुय्यम मागून. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने झाला, यावरून आपण अंतर ताडतो; तसाच हा प्रकार. दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणिले की जवळच्या भूकंपाचे अंतर साधारणतः किलोमीटरांत मिळते. आम्हां सीमावासीयांचेच उदाहरण घेऊ. त्या पहाटे निपाणीस भूकंपलेखक यंत्र असते, तर हा अवकाश सुमारे 16 सेकंदांचा भरता, बेळगावी 24 सेकंदांचा. म्हणजे अंतरे अदमासे 130 व 190 किलोमीटर. परंतु दिशा? म्हणून दोन्ही गावांभोवती त्या त्रिज्यांची वर्तुळे काढावी. ती दोन बिंदूंत छेदतात. या दोन गावांच्या सरळ रेषेबाहेरील ठिकाणाभोवतीचे तिसरे वर्तुळ त्यांतून कोयनेचा बिंदू निवडते.

परिमाणाची श्रेणी चार्ल्स रिश्टर यांनी 1935 साली मांडली. एक अंक वाढला की कंपनरेषा दहापट उंचावते, ऊर्जा मात्र सुमारे बत्तीसपट! तरीही या अंकावरून हानी कळत नाही. कोयनेचा आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा, दोन्ही भूकंप सहाच्या पुढचे. कोयनेस पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. किल्लारी परिसरात दगडमातीच्या जड भिंतींखाली झोपलेली हजारो.