गाजरगवत, शिंका आणि धाप

पावसाळा सरत आला की नाल्याकाठी, रुळांलगत पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत कमरेएवढं होतं. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आता गावोगाव आहे. त्याचे परागकण श्वासातून आत गेले की काहींचं नाक सुजतं, शिंका थांबत नाहीत. ज्यांना दमा आहे त्यांच्या फुफ्फुसातल्या नळ्याही सुजून आवळतात, छातीत शिट्टी वाजते. ताप नसतो, म्हणून घरचे खोकल्याची बाटली आणतात. तिने आवळलेल्या नळ्या उघडत नाहीत.

पंपाची सवय लागते, हे आम्ही घरोघरी ऐकतो. लागत नाही. औषध थेट फुफ्फुसात जातं, त्यामुळे गोळीपेक्षा कमी मात्रा पुरते. ‘मुलीला पंप दिला तर लग्न अडेल’ असंही आयाबाया म्हणतात; आणि पोर रात्र बसून काढते! रोजचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

गवत फुलण्याआधीच, माती ओली असताना, मुळासकट उपटा. हातांत मोजे, तोंडाला रुमाल हवा. दम्याच्या माणसाला या कामाला लावू नका. उपटलेलं गवत वस्तीत पेटवूही नका, धुरानेही धाप लागते.